विद्यापीठातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना मूडलसारखी (ऑनलाइन शिकवण्या-चाचण्यांची) साधनं वापरायला कसं तयार करावं?

दिवसभराची कार्यशाळा ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं जातं. त्यापेक्षा एकेकाला भेटून विचारा, ‘सर, तुमचा जास्त वेळ कशात जातो?’ उत्तर बहुधा येतं, चाचण्या तपासण्यात. मग त्यांच्याच विषयाचे पाच बहुपर्यायी प्रश्न घ्या आणि मूडलवर क्विझ त्यांच्याच हातून बनवून घ्या. माउस तुम्ही अजिबात धरायचा नाही, हे फार महत्त्वाचं. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर ‘फीडबॅक’च्या चौकटीत एक ओळ लिहायला सांगा. विद्यार्थ्याला आपलं कुठे चुकलं ते तिथल्या तिथे कळतं, आणि इथेच प्राध्यापकांना खरा रस वाटू लागतो. पहिल्या क्विझच्या तासाला वर्गात मागे बसा. लॉगिन अडलं तर सर एकटे पडत नाहीत. घरी सरावासाठी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे छोटे व्हिडिओ-धडे फुकट आहेत, बरेचसे मराठीतही.