ब्रेक मारला की हँडलखाली टक्

प्रश्न: बाबांची १९९२ ची आरएक्स १०० चालवतो. पुढचा ब्रेक मारला की हँडलखाली टक् आवाज येतो आणि हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं. मेकॅनिक म्हणतो नट टाईट करू. नुसतं ग्रीस भरून भागेल का?

उत्तर: टक् आवाज म्हणजे कोनसेट (हँडलच्या दांड्याचं वरचं-खालचं बेअरिंग) सैल आहे, पण मधोमध अडकतंय म्हणजे रेसमध्ये (छर्रे ज्यांवर फिरतात त्या कड्या) छर्‍यांचे खड्डे पडलेत, आणि ते ग्रीसने भरून निघत नाहीत. नट आवळला तर आवाज जाईल पण गाडी सरळ धरायला अजून त्रास होईल, म्हणून ते नकोच. खात्री करायची तर डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल हळू फिरवा, मग फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) खालून धरून पुढेमागे हलवा, प्ले (सैलपणा) लगेच कळतो.

पूर्ण बॉल रेसर किटच (रेस आणि छर्रे दोन्ही) टाका, जुन्या रेसवर नवे छर्रे अजिबात नको. उघडताना खाली फडकं पसरा कारण छर्रे सुटे असतात आणि घरंगळतात, वरचे खालचे वेगळे ठेवून मोजा. खालचा रेस आधी खराब होतो, पाणी चिखल तिथेच जातो ना, आणि वॉशिंगवाले प्रेशरचा पाईप नेमका तिथेच मारतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणा! ग्रीस पाण्यात टिकणारं लिथियमचं घ्या, भरपूर लावा, छर्रे त्यातच चिकटून बसतात. नट आवळून हँडल चार वेळा फिरवा, मग किंचित सैल करा, प्ले नको पण हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. नवे रेस बसले की थोडं सैल होतं, त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर परत चेक करा.