दुसऱ्या रात्रीची तयारी

सप्रेम नमस्कार,

लघुग्रह शोधण्याचंच काम करायचं ठरवलं आहेस, तर पहिले काही महिने नवा शोधूच नकोस. क्रमांक मिळालेले, कक्षा पक्की माहीत असलेले लघुग्रह घे आणि त्यांची स्थानं मोज. मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रहांचे वेध गोळा करणारी जागतिक संस्था) वेधशाळेला संकेतांक देतं तेही अशीच मोजमापं तपासून. गणिताने काढलेलं स्थान आणि तुझं स्थान यांतला फरक एका विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आत हवा. फरक दर वेळी लघुग्रहाच्या गतीच्याच रेषेत पडत असेल, तर दुर्बिणीला दोष देऊ नकोस, घड्याळ बघ. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या) सुमारास मिनिटाला जेमतेम अर्धी विकला सरकतो, त्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते. पृथ्वीजवळचा मिनिटाला १० विकला धावत असेल, तर ६ सेकंदांची चूक म्हणजे अख्खी एक विकला. आणि नोंदवायची वेळ एक्स्पोजरच्या मध्याची, सुरुवातीची नव्हे.

एक्स्पोजर किती ठेवायचं? ताऱ्याचा ठिपका ३ विकलांचा असेल, तर त्याला गतीने भाग. मिनिटाला १० विकलांच्या धावपटूला १८ सेकंद. त्यापुढे रेघ उमटते, प्रकाश पसरतो आणि अंधुक वस्तू आकाशाच्या उजेडात विरून जाते. मग कमी एक्स्पोजरचे फोटो काढून त्याच्या गतीप्रमाणे सरकवत एकावर एक रचायचे.

एकाच भागाचे चार फोटो घे, साधारण वीस-वीस मिनिटांनी. तीन फोटोंवर भागवणारे फसतात. सगळ्यात लबाड हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्यातला उगाच उजळ दिसणारा ठिपका. दुर्बिणीचं ट्रॅकिंग (ताऱ्यांमागोमाग फिरणं) किंचित घसरत असलं, की फोटो ताऱ्यांवर जुळवल्यावर तो पिक्सेल सरळ रेषेत, एकसारख्या गतीने चालतो, हुबेहूब लघुग्रहच! म्हणून दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम थोडी इकडेतिकडे हलव.

खरी परीक्षा दुसऱ्या रात्री. मुख्य पट्ट्यातल्या वस्तूला एका रात्रीच्या मोजमापावर तात्पुरतं नावसुद्धा मिळत नाही. खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झीने १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस हा सापडलेला पहिला लघुग्रह पाहिला, फेब्रुवारीपर्यंत वेध घेतले, तरी सूर्याच्या उजेडात तो हरवलाच. गणितज्ञ गाऊसने कक्षा काढली म्हणून वर्षाअखेरीस पुन्हा सापडला. तुझ्याकडे एकाच रात्रीचे वेध असतील, तर गाऊसही काही करू शकणार नाही. तेव्हा पौर्णिमेच्या तोंडावर शोध सुरू करू नकोस, आणि पहिल्या रात्रीची मोजणी दुसऱ्या संध्याकाळच्या आत संपव.

नावाचा मोह आत्ता नको. आधी कायमचा क्रमांक, मग दहा वर्षं सुचवायचा हक्क, तोही सोळा अक्षरचिन्हांत.

एक कडू गोष्ट: पॅन-स्टार्स, कॅटालिना यांसारखी सर्वेक्षणं आकाश विंचरून काढतात, एकट्यासाठी फार थोडं उरतं. नोकरी तिथेच आहे, आणि ती प्रोग्रामिंग येणाऱ्याला मिळते. लहान दुर्बिणीने मात्र पृथ्वीजवळच्या असाव्यात अशा, नुकत्याच दिसलेल्या वस्तूंचे पाठपुरावा-वेध घेत राहा.

पहिल्या दोन रात्रींचे फरक पाठव. त्यांची दिशा आधी बघू.