प्रीलोड पाचव्या खाचेवर, तरी गाडी मागून बसते

तुमचं दुखणं थोडक्यात असं: दीडशे सीसीची बाईक, मागे दोन शॉकप, साडेपाच वर्षं जुनी, ४८ हजार किलोमीटर झालेली. रोज भांडुप ते अंधेरी, जेव्हीएलआरवरून, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. वहिनी मागे बसल्या की गाडी मागून बसते आणि स्पीडब्रेकरवर टायर मडगार्डला घासल्याचा आवाज येतो. मेकॅनिकने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवायची ते ठरवणारी खाचांची रिंग, शेवटच्या म्हणजे पाचव्या खाचेवर नेऊन दिला. तेव्हापासून एकटे असताना गाडी उडवते आणि दोघं असताना बसायची ती बसतेच. आता तो स्प्रिंगमध्ये रबर घालू म्हणतोय.

रबर सध्या राहू द्या. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू, कारण "शॉकप मऊ झालेत" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

शॉकपमध्ये दोन माणसं कामाला असतात म्हणा. स्प्रिंग वजन उचलते. डॅम्पर, म्हणजे आतला तेलाचा भाग, त्या स्प्रिंगला लगाम घालतो. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल जबरदस्तीने जातं, तिथे जोर खर्च होतो, म्हणून खड्डा ओलांडल्यावर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहत नाही. स्प्रिंग कमी पडली तर गाडी दबते आणि दबलेलीच राहते. डॅम्पर गेला तर गाडी दबते, उसळते, पुन्हा दबते. सीटवर बसलेल्याला दोन्ही मऊच वाटतं. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि प्रीलोडची खाच या दोन्हींपैकी एकाचाही उपाय नाही.

हे शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना पटत नाही. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असंच आपण सगळे धरून चालतो. मीही कित्येक वर्षं धरून चाललो होतो. समजा तुमची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात. खाच फिरवून ती १० मिलिमीटर आधीच आवळून ठेवली, तर पहिले २० किलो पडेपर्यंत ती हलणार नाही. पण एकदा हलायला लागली की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेच २ किलो. म्हणजे गाडी मागून उंच उभी राहते, एवढंच. स्प्रिंग तीच. काही स्प्रिंगांचे एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात, त्या दबत जातील तशा कडक होत जातात. तिथे हिशेब थोडा बदलतो, पण तुमच्यासारख्या तक्रारीत निकाल फारसा वेगळा लागत नाही.

एकटे असताना गाडी का उडवते, तेही यातच आलं. पाचव्या खाचेवर तुमच्या एकट्याच्या वजनाने स्प्रिंग जेमतेम दबते. खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, ते लटकतं आणि खट् करून आपटतं. वर येताना आवळलेली स्प्रिंग जोरात ढकलते. तिला अडवायचं काम डॅम्परचं, आणि मला शंका आहे ती त्याचीच.

तर आधी डॅम्पर बघा. गाडी मेन स्टँडवरून उतरवा, कोणाला तरी पुढचा ब्रेक धरून हँडल सांभाळायला सांगा आणि सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही तळव्यांनी पूर्ण वजन टाकून सोडून द्या. शेपूट एकदा वर येऊन शांत व्हायला हवी. वर, खाली, पुन्हा वर असं झालं तर डॅम्पर संपलाय. मग खाली बसा आणि मोबाइलचा टॉर्च मारून स्प्रिंगच्या वेढ्यांतून आतली दांडी बघा. कोरडी, चकचकीत दांडी चांगली. दांडीच्या तोंडाशी काळपट, चिकट चिखल जमलाय? तो नुसता धुळीचा नसतो, सीलमधून झिरपलेल्या तेलात धूळ कालवून झालेला असतो. बोटाला घासून बघा, तेलाचा बुळबुळीतपणा लगेच कळतो. मुंबईत हे लवकर होतं. दमट खारी हवा, चार महिने चाकाने उडवलेलं चिखलपाणी, आणि कहर म्हणजे वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा फवारा नेमका तिथेच धरतो. दांडीवर गंजाचे बारीक ठिपके पडले की तेच कानशीसारखे सील खरवडतात.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. टायरची हवा थंड टायरवर तपासा. मागे माणूस बसणार असेल तर आकडा वेगळा असतो, तो तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर आहे. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या सगळ्यांना एकच आकडा भरून मोकळा होतो. दुसरं, मेन स्टँडवर गाडी घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या बारीक नळ्या, किंवा चाकाचे बेअरिंग बघायला हवेत. नाहीतर नवे शॉकप टाकूनही गाडी डुलतच राहील आणि शिव्या शॉकपला बसतील.

आता स्प्रिंग. इथे अंदाज नको, टेप हवी. सॅग मोजायचा आहे, म्हणजे वजन पडल्यावर गाडीची बैठक किती खाली येते ते. प्रीलोड आधी दुसऱ्या खाचेवर आणा, दोन्ही बाजूंना सारखा. टूलकिटमधला आकड्यासारखा पाना त्यासाठीच असतो. स्क्रू ड्रायव्हर लावून हातोडी मारू नका, खाचेच्या कडा बोथट होतात. आधी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने तिथला चिखल काढा, मग रिंग सहज फिरते.

मागच्या एक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारा. एक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर चार वेळा घ्यायचं. मेन स्टँडवर, चाक अधांतरी असताना. मग गाडी जमिनीवर, नुसती स्वतःच्या वजनाने. मग तुम्ही बसून, पाय फूटरेस्टवर, हेल्मेट-बॅगेसकट जसे रोज जाता तसे. मग वहिनींसह. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे ती आपोआप जागेवर बसेल. भिंतीला कोपर टेकवून तोल सांभाळायचा आणि आकडा तिसऱ्याने वाचायचा. आमच्याकडे हे काम वॉचमनकाका करतात. पहिल्या वेळी त्यांना वाटलं मी गाडीला गादी शिवून घेतोय.

माझ्या गाडीचे आकडे उदाहरणादाखल देतो: ५४०, ५२८, ५०८, ४८४ मिलिमीटर. म्हणजे स्वतःच्या वजनाने १२, मी बसल्यावर ३२, आम्ही दोघं बसल्यावर ५६. मागच्या चाकाची एकूण चाल, म्हणजे वर-खाली व्हायची जागा, साधारण ९० धरली तर एकट्याची बैठक एक तृतीयांशाच्या आसपास येते. रस्त्यावरच्या गाडीला ते झकास. दोघांची मात्र ६० टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे खड्ड्यासाठी फक्त ३४ मिलिमीटर शिल्लक. म्हणून बायको बसणार असेल तेव्हा मी खाच वाढवतो आणि उतरली की परत आणतो. प्रीलोडचं खरं काम हेच आहे. एकदा फिरवून विसरून जायची ती गोष्ट नव्हे.

तुमचे आकडे आले की असं वाचा. दुसऱ्या खाचेवर एकट्याची बैठक चालीच्या एक तृतीयांशाच्या जवळपास असेल आणि स्वतःच्या वजनाने गाडी १०-१५ मिलिमीटर उतरत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला बरोबर आहे आणि भांडण डॅम्परशी आहे. शेवटच्या खाचेवर गाडी स्वतःच्या वजनाने जराही उतरत नाही, तरी तुम्ही बसल्यावर बदकन खाली जाते, असं असेल तर स्प्रिंग खरोखर कमी पडतेय. वहिनींसहचा आकडा तेवढा वाईट असेल, तर आधी बेरीज करा. बहुतेक कम्युटर गाड्यांना १३० ते १५० किलोच्या आसपास भार झेपतो. दोघांचं वजन, लॅपटॉपची बॅग, टाकीवर पुढे बसलेलं पोर आणि हँडलला अडकवलेली भाजी यांची बेरीज कधीकधी आपल्यालाच धक्का देते. "स्प्रिंग म्हातारी झाली" असं गॅरेजात सर्रास म्हणतात. स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वापराने थोडी आखडते, म्हणजे लांबीने कमी होते, पण तिचा कडकपणा सहसा तसाच राहतो. आधी संपतो तो डॅम्पर. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझी पैज त्यावरच.

आता रबराबद्दल. मेकॅनिक खोटं बोलत नाहीये. दोन वेढ्यांमध्ये रबर घातलं की ते वेढे दबायचे थांबतात, उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार येतो आणि स्प्रिंग कडक होते. पण डॅम्पर होता तसाच लंगडा राहतो, आणि कडक स्प्रिंगला आवरायला तर त्याला आणखी जोर हवा. मी हा उद्योग करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी कुर्ल्यातल्या एका गॅरेजात दोन्ही बाजूंना रबराचे ठोकळे घालून घेतले. आठवडाभर गाडी नव्यासारखी वाटली. मग एका रात्री सायन-पनवेल रस्त्यावर मानखुर्दच्या पुढे गाडी वळणावर विचित्र ओढ घ्यायला लागली. थांबून बघतो तर डावीकडचा ठोकळा गायब, उजवीकडचा जागेवर. एक बाजू कडक, एक मऊ, आणि मध्ये स्विंगआर्म पिळला जातोय. उरलेला ठोकळा तिथेच स्क्रू ड्रायव्हरने उचकटून फेकला आणि चाळिशीच्या वेगाने घरी आलो. स्प्रिंग गॅसवर तापवून ओढून लांब करणारेही भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार करा, तापवल्याने तिचं पाणीच उतरतं.

तेल भरून देणारे कारागीर अजून आहेत आणि काहींचा हात चांगला असतो. मात्र आजच्या बऱ्याच शॉकपची नळी कारखान्यातच कायमची बंद केलेली असते, ती कापून पुन्हा जोडावी लागते. तुमच्या शॉकपला बाजूला डबी असेल आणि आत दाबाने नायट्रोजन भरलेला असेल, तर त्याला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं. तिथे रिपेरिंगचा विषयच काढू नका.

डॅम्पर गेलाय असं ठरलं तर मूळ मापाची नवी जोडी घ्या. एकच बदलायचा मोह टाळा, नवा आणि जुना एकत्र नांदत नाहीत. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाणार असाल तर जुना शॉकप सोबत न्या आणि वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जाणाऱ्या कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, बुशचं भोक, बुशची रुंदी, तिन्ही जुळवून घ्या. "हा त्या मॉडेलचा आहे, पण बसतो" असं कोणी म्हणालं तर बसतो यावर माझाही विश्वास आहे, पण बसणं आणि चालणं वेगळं. २० मिलिमीटर लांब शॉकप लावला की मागची बाजू उचलली जाते, हँडल चंचल होतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. चोरबाजारातला वापरलेला शॉकप बाहेरून कितीही चमकू दे, आतल्या तेलाची खात्री विकणाराही देणार नाही.

स्प्रिंगच कमी पडतेय असं निघालं आणि दोघांचा प्रवास रोजचा असेल, तर जास्त भाराची स्प्रिंग आणि तिला जुळणारा डॅम्पर असा तयार सेट घ्या. नुसती जाड स्प्रिंग जुन्या डॅम्परवर चढवली तर प्रत्येक स्पीडब्रेकर तुम्हाला सलाम ठोकायला लावेल.

बदलणं घरी जमतं. गाडी मेन स्टँडवर, एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जागेवर असली की चाक लटकत नाही आणि भोकं जुळवताना झटापट होत नाही. वरचा नट काही गाड्यांत मागच्या पकडायच्या दांड्यालाही धरून असतो आणि उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो. वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. बुशच्या आतल्या नळीला थोडं ग्रीस लावा. नट आधी हाताने लावा, पूर्ण आवळणं गाडी चाकांवर उभी केल्यावर. मोनोशॉकवाले, म्हणजे मागे एकच शॉकप असलेले, हे वाचत असतील तर त्यांनी स्प्रिंग घरी उतरवू नये, त्याला प्रेस लागतो.

आणि एक, आपल्यासाठी फ्रीवे बंद, सी लिंक बंद, अटल सेतूही बंद. दुचाकीच्या वाट्याला राहतो तो खालचा रस्ता, पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यांसकट. म्हणून नवी जोडी बसवल्यावरही दर पावसाळ्यानंतर एकदा दांडीवर टॉर्च मारून बघत जा.

शॉकप बदलल्यावर किंवा खाच फिरवल्यावर चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत पुन्हा तपासा. मागची उंची बदलली की दोन्ही बदलतात. चेन गाडीच्या पुस्तकातल्या मापानेच ठेवा आणि मग वहिनींना बसवूनही एकदा बघा, कारण गाडी दबल्यावर ती आणखी ताणली जाते. चारही आकडे आणि दाबून सोडल्यावर शेपूट किती वेळा हलली तेवढं लिहा, मग कुठला शॉकप घ्यायचा ते ठरवू. तोपर्यंत खाच तिसऱ्यावर ठेवा आणि दोघं असाल तेव्हा स्पीडब्रेकर रांगत ओलांडा, कारण टायर मडगार्डला घासतोय तोवर तो कडेने कापला जातोय.