कॅमेरा अंदाज बांधतो, तू तपासायचे

अगं, पत्र वाचलं तुझं. फोटोग्राफीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात ऑटो मोड बंद करायला लावला म्हणून वैतागली आहेस, आणि फोनवर इतके छान फोटो यायचे ते आता एकतर काळेकुट्ट नाहीतर पांढरेफटक येतायत. येणारच. फोन एका क्लिकमागे गुपचूप बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकमेकांत मिसळतो, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे पुसतो आणि मग तुला दाखवतो, कॉलेजचा कॅमेरा यातलं बहुतेक काहीच करत नाही, त्यामुळे त्या दोघांची तुलना आत्ता करूच नकोस.

सर योग्य तेच करतायत, फक्त का करतायत ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. ऑटो म्हणजे कॅमेऱ्याने तुझ्या वतीने बांधलेले अंदाज. बऱ्याचदा चांगले असतात, मी पण गडबडीत अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) लावून मोकळा होतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण अंदाज कशावरून बांधलाय हे माहीत असलं की तो कुठे फसणार हे क्लिक करायच्या आधीच कळायला लागतं, आणि पहिल्या वर्षात एवढं जरी जमलं ना तरी खूप झालं.

कॅमेऱ्यातल्या मीटरपासून सुरुवात कर. मीटर फक्त समोरून परत येणारा उजेड मोजतो, समोर पांढरी भिंत आहे की काळं मांजर हे त्याला मुळात कळत नाही, म्हणून तो धरून चालतो की सगळं मिळून मध्यम करडं असणार, ते पुस्तकात १८ टक्के ग्रे म्हणतात तेच. आता एक पांढरं कापड आणि एक काळं कापड घे, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लाव, फ्रेम पूर्ण भरेल इतक्या जवळून दोन्हीचा फोटो काढ. दोन्ही जवळपास सारखेच करडे येतील, बघच. मग पांढऱ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची डायल) प्लस दीड-दोन दे, काळ्याला तेवढंच मायनस, आणि परत काढ. हा प्रयोग वाचून सोडून देऊ नकोस हं, खरंच कर, कारण एकदा तो करडेपणा डोळ्यांनी पाहिला की पुढे कुठेही पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की बोट आपोआप त्या डायलवर जातं.

मग ते अ‍ॅपर्चरचे आकडे, ज्यांनी तू हैराण झालीस. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा एमएमचा आकडा) लेन्सच्या भोकाच्या व्यासाने भागलं की हा एफ-आकडा येतो, म्हणून भोक लहान झालं की आकडा मोठा होतो, बाकी काही गूढ नाही त्यात. आणि उजेड क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आकडा साधारण १.४ पट झाला की उजेड अर्धा होतो, त्यालाच एक स्टॉप म्हणायचं. शटर, म्हणजे उजेड आत यायचा वेळ, १/१२५ सेकंदावरून १/२५० केलं तरी एक स्टॉप कमी, आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा, ४०० चं ८०० केलं की फोटो एक स्टॉप उजळ. म्हणजे एफ ४ ला १/२५०, एफ ५.६ ला १/१२५ आणि एफ २.८ ला १/५००, आयएसओ तोच ठेवला तर तिन्ही फोटो सारखेच उजळ येणार. पण फोटो तीन वेगळे! एकात मागचं सगळं धूसर, एकात पळणारं पोर हललेलं. यातला कुठला हवा हे मीटर कधीच सांगणार नाही, ते तुझंच काम.

आयएसओला घाबरतात सगळे, उगाच. नॉइज मुख्यतः उजेड कमी मिळाल्यामुळे येतो, आयएसओ वाढवून तू फक्त जे मिळालंय ते मोठं करतेस. दाणेदार फोटो चालतो, हात हलून फिसकटलेला चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुना ठोकताळा असा की शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ इतकं वेगवान हवं, ५० एमएमला १/५०, कॉलेजच्या त्या छोट्या सेन्सरवाल्या (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) कॅमेऱ्यावर १/८० धर. समोरचा माणूस हलत असेल तर याचा उपयोग नाही, मग अजून वेगवान लागेल.

गंमत म्हणजे रंगसुद्धा अंदाजच असतात. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग मोजतो, त्यातले निम्मे हिरवे, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक कॅमेरे त्यावरच चालतात. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाचा रंग सावरण्याचं, तसंच, ऑटोला संध्याकाळचा केशरी उजेड म्हणजे दोष वाटू शकतो आणि तो बिचारा मन लावून दुरुस्त करून टाकतो. तेव्हा डेलाइट लाव, साधारण ५५०० केल्विन, आणि केशरी राहू दे.

रॉ मध्येच शूट कर, म्हणजे सेन्सरने मोजलेलं जवळपास जसंच्या तसं साठवणारी फाइल. कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४, त्यामुळे नंतर सावल्या उचलता येतात, व्हाइट बॅलन्स निवांत बदलता येतो. पण पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की त्याच्यावरचं काही नोंदलं जातच नाही, जळालेलं आकाश रॉ पण परत आणत नाही. म्हणून मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, उन्हात तो काळपट दिसतो आणि अंधारात उगाच चकचकीत, हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ किती आहे त्याचा आलेख) बघ आणि जळालेला भाग दाखवणारी हायलाइट वॉर्निंग चालू ठेव. हिस्टोग्रामही जेपेगवरूनच काढलेला असतो म्हणा, पण स्क्रीनपेक्षा बराच खरा.

फोकसचं थोडक्यात, एकच पॉइंट निवड आणि डोळ्यावर ठेव, नाहीतर कॅमेरा जे जवळ असेल ते पकडतो, बहुतेकदा नाक.

लेन्सबद्दल विचारलंस. घेऊ नकोस काही. कॉलेजची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) ३५ एमएमवर ठेव, झूमला हात न लावता पायांनी पुढेमागे हो, आणि ते पैसे दुसऱ्या हार्ड डिस्कला ठेव. फोटो दोन ठिकाणी कॉपी झालेत हे उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि करशील तेव्हा कॅमेऱ्यातूनच कर, कॉम्प्युटरवरून नको.

त्या दोन कापडांचे चारही फोटो पाठव मला, एडिट न करता.

तुझा
दादा