क्रिस्प व्हाइट वाइन नुसतीच आंबट का लागते?

प्रश्न: मित्राने सॉव्हिन्यों ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) आणली होती. सगळे म्हणत होते काय मस्त क्रिस्प आहे, मला मात्र दोन घोटांत दात आंबल्यासारखं झालं, मग चॉकलेट केकसोबत घेतली तर अजूनच वाईट, कडवट लागली. ही वाइन नक्की कशी लागायला हवी आणि कशाबरोबर प्यायची?

उत्तर: आंबट लागली ते बरोबरच आहे, जिभेवर शंका घेऊ नका. या वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणातच आहे, क्रिस्प म्हणतात ते त्यालाच. द्राक्षात मुख्यतः दोन अ‍ॅसिड असतात, टार्टारिक आणि मॅलिक, आणि मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदात असतं तेच. शार्डोने या दुसऱ्या व्हाइट वाइनमध्ये बऱ्याचदा बॅक्टेरियाकडून हे मॅलिक लॅक्टिकमध्ये बदलून घेतात म्हणून ती मऊ, लोण्यासारखी लागते, पण सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये बहुतेक वेळा ते मुद्दाम होऊ देत नाहीत, स्टीलच्या टाकीत थंडाव्यात आंबवतात आणि लवकर बाटलीत भरतात, त्यामुळे ती धार तशीच राहते.

घोळ केला तो केकने. गोड खाल्लं की वाइनमधला फळांचा गोडवा जिभेला कळेनासा होतो आणि मागे उरतं फक्त आंबट आणि कडू. ड्राय वाइन, म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते ती, गोडाबरोबर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट खारट आणि आंबट पदार्थ तिला सुधारतात, आणि हे घरीच बघता येतं. एक घोट घ्या, मग लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ टाकून चाटा आणि लगेच परत तीच वाइन प्या, एकदम गोलसर आणि फळांची चव असलेली लागेल, बाटली बदलली की काय असं वाटेल!

म्हणून तळलेला मासा, कोळंबी, शिंपल्या, व्हिनेगरचं ड्रेसिंग घातलेलं सॅलड, टोमॅटो, हे सगळं हिच्याबरोबर जमतं. माशावर लिंबू पिळतो ना, तेच काम वाइन करते, तेलकटपणा कापते आणि पुढच्या घासाला तोंड तयार ठेवते. शेळीच्या दुधाचं चीज तर हमखास, फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी जिथे सॉन्सेर ही सॉव्हिन्यों ब्लाँची वाइन होते त्याच भागात शाव्हिन्योल गावचं शेळीचं चीज प्रसिद्ध आहे. त्याच नदीच्या मुखाकडे मुस्कादे नावाची व्हाइट वाइन तयार होते, ती कालवांबरोबर पितात, आणि स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरची आल्बारिन्यो पण सीफूडचीच वाइन. झणझणीत तिखटाबरोबर मात्र जपून, अल्कोहोलने जळजळ वाढते, तिथे रीसलिंग ही व्हाइट वाइन, किंचित गोड असलेली, जास्त चांगली.

आता वासाचं. कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची, ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट असे वास येतात का बघा. ढोबळी मिरचीचा भास वगैरे नाही हं, पायराझिन नावाची संयुगं त्या मिरचीत आणि या द्राक्षात दोन्हीकडे असतात. न्यूझीलंडच्या मार्लबरोची वाइन ग्लास नाकाजवळ नेण्याआधीच वास देते, सॉन्सेर त्या मानाने शांत, पण जेवणाबरोबर मला सॉन्सेरच आवडते कारण ती पदार्थावर कुरघोडी करत नाही.

आणि एक, बाटली फार गार तर नव्हती? अगदी बर्फासारखी असली की वास दबतो आणि आंबटच पुढे येतं. साधारण ७ ते १० डिग्री ठीक, फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली तरी फरक पडतो.

प्रश्न: व्हाइट वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, फेकून देऊ का?

उत्तर: बाटली कुठे तडकलेली नाही ना एवढं बघून घ्या. नसेल तर ते टार्टारिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे स्फटिक आहेत, वाइन खूप थंड झाली की तळाशी बसतात, अजिबात अपायकारक नाहीत आणि चवही बिघडत नाही. बाटली थोडा वेळ उभी ठेवा, हळू ओता आणि शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.