आजोबांना करडाचा लळा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी कथा काल रात्री दोनदा वाचली. गोठ्याचं वर्णन फार आवडलं. पण तिसऱ्या पानावर अडखळले: ‘आजोबा करडाला खूप पसंत करायचे.’ अगं, हे वाक्य हिंदीतून आलंय. आपल्याकडे साडी पसंत पडते, स्थळ पसंत पडतं. चार समोर ठेवून एक उचललं की ती पसंती. त्या करडाची आई मेली आणि आजोबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं, हे तूच लिहिलंयस ना? मग ‘आजोबांना करडाचा लळा लागला होता’ असं लिही.

‘आवडणे’ हे क्रियापद एकदा नीट निरखून बघ. मला आंबा आवडतो, भाकरी आवडते, पोहे आवडतात. क्रियापद आंब्यामागे जातं, भाकरीमागे जातं, खाणाऱ्याकडे बघतही नाही. ‘मला तू आवडतोस’ म्हणताना तर ते थेट समोरच्याचं होऊन जातं आणि बोलणारी बाजूला ‘मला’ होऊन उभी राहते. भूक लागावी, झोप यावी, तसं आवडणं आपल्याला होतं. आपल्या व्याकरणातली ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. ‘मी पावसाला लाईक करते’ हे एखाद्या पात्राच्या तोंडी हवं तर घाल, निवेदनात नको.

शेजारचे शब्दही असेच जपून वापर. वाचनाची गोडी हळूहळू लागते, चटक जिभेला लागते, आणि ‘त्याला नाद लागलाय’ असं बहुधा घरचे तक्रारीनं म्हणतात. हौस मात्र भागवावी लागते; तिच्यापायी पैसे जातात, म्हणून तर हौसेला मोल नाही म्हणतात.

जुन्या मराठीत आवड याहून खोल होती. तुकोबांच्या ‘गुण गाईन आवडी’मध्ये आवडी म्हणजे प्रेमानं. तिथे पसंती घालून वाच, ओळ लगेच कोरडी पडते.

आणि धाकट्या सुनेचा प्रसंग. ‘सासूला ती आवडत नव्हती’ हे वाक्य काढून टाक. नावडतीचं मीठ अळणी, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं केलेली आमटी सगळे मिटक्या मारत खातायत आणि सासू तेवढी मीठ मागतेय, इतकंच दाखव.

सुधारलेली पानं रविवारपर्यंत पाठव.

तुझ्या
बाई