मंजुरीपत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही

भाऊ, तुझं वाचून मला २०२१ चा उन्हाळा आठवला. तू लिहितोस, जर्मनीत मेकॅनिकलचं मास्टर्स, प्रवेश झालाय, शैक्षणिक कर्जाचं बँकेचं मंजुरीपत्रही हातात आहे. तारण गावातलं आजोबांच्या नावावरचं घर. एजंट म्हणतो बाकीचं पार्ट-टाइममधून निघेल. तर पुण्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ का, असं विचारतोस. माझं म्हणणं, आत्ता देऊ नको. एपीएस (पदवीच्या कागदांची पडताळणी), व्हिसा वगैरे तुला माहीतच असेल, त्यात शिरत नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. माझ्या कर्जाचं मंजुरीपत्र आलं त्या दिवशी आईने पेढे वाटले, मी तिकिटाचे दर बघायला लागलो. मग बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासणीचा अहवाल आला. घर आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेलीच नाही, तीन आत्यांचा हक्क शिल्लक. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा होता, तोच मालकीचा कागद असं आम्ही समजत होतो. तो घरपट्टीचा उतारा आहे. शेती द्यायला बाबा तयार होते, पण बँक ती घेत नाही. कारण सरफेसी, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ मुळे कर्ज बुडालं तरी बँकेला त्या कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर! त्या शाखेत प्रत्येक फेरीला एकच नवा कागद सांगायचे. बाबा एसटीने जायचे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर बसायचे, आणि अजून एक कागद ऐकून परत यायचे. पूर्ण यादी एकदाही लिहून दिली नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

एक आत्या सुरतला, आजारी. हक्कसोडपत्र लांबलं. सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होणार, आणि ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) तेव्हा १०,३३२ युरो लागायचे. बाबांनी आडत्याकडून दोन रुपये शेकड्याने नऊ लाख उचलले. आठ महिन्यांनी गहाणखत झालं, तेव्हा शाखा म्हणाली, आधी भरलेली रक्कम आम्ही परत देत नाही, पुढची देऊ. महिन्याला १८ हजार व्याज, २२ महिने. शेवटी पाटाजवळचा दोन बिघ्यांचा तुकडा विकला.

आता पार्ट-टाइमबद्दल, हा माझ्यापुरता अनुभव. नियमाने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे कागदावर खर्च निघतो. पण मला पहिलं काम पाचव्या महिन्यात मिळालं, तेही गोदामात. वेर्कस्टुडंट, म्हणजे आपल्या विषयाची नोकरी, बी१ (मधल्या पातळीचं) जर्मन झाल्यावरच. पार्ट-टाइममधून भाडं, विमा, जेवण निघेल. कर्जफेडीचा हप्ता त्यातून धरू नको. आता ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो लागतात, महिन्याला ९९२ हातात येतात. खोलीचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकतं, ते वेगळं ठेव. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण जर्मन येत नसेल तर ते भराभर जातात. इथूनच शिकून जा, जळगावात क्लास नसेल तर ऑनलाइन.

बाजूची एक गोष्ट: एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही, शाखेने कापायला काढला तर विचार.

मी वकील नाही, तुझ्या बँकेचे नियम वेगळे असू शकतात. पण उद्याच शाखेत जाऊन कागदांची पूर्ण यादी लेखी माग, आणि गहाणखत होऊन बँकेकडून कर्जाचे पहिले पैसे सुटेपर्यंत राजीनामा देऊ नको. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून घे. आत्यांना फोनवर सांगू नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतील तेव्हा समोर बसून सांग, त्यांचाही हक्क आहे, वाटा हवा असेल तर तेही विचार. आणि तयार असतील तर दुसऱ्याच दिवशी दुय्यम निबंधकाकडे घेऊन जा. आधार कार्ड सोबत आणायला आधीच सांगून ठेव, आमच्या धाकट्या आत्याचं सुरतला राहिलं होतं.